पिकलं नाही, फळलंय

कुंदाताई गजभिये ओळख करून देताना हात पुढं करत नसत, भिंग पुढं करत. "आधी बघ, मग बोलू," असं म्हणत. मला हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर येऊन जेमतेम अर्धं मिनिट झालं होतं. परक्या देशात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, कुणी आपल्याशी मराठीत बोलेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

२०१४ सालच्या जुलै महिन्यातली ही गोष्ट. हॅनोव्हरच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दहा-बारा मिनिटं चालत गेलं की एक संशोधन संस्था होती. तिच्याकडे सरकारी परवाना होता आणि तिथल्या बंदिस्त खोल्यांमध्ये औषधासाठी गांजाच्या निरनिराळ्या जाती वाढवून तपासल्या जात. फुलांचे फोटो पाहून फूल तयार झालं की नाही हे आपोआप सांगणारा प्रोग्राम लिहायला मला पुण्याहून घेतलं होतं. तोवर ते काम कुंदाताईंचे डोळे करत. नागपूरला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेली ही बाई इथं तांत्रिक सहायक म्हणून काम करत होती, आणि तोही करार दर वर्षी मार्चमध्ये नव्यानं व्हायचा.

मी भिंगातून पाहिलं. मादी झाडाच्या शेंड्यावर चिकट हिरव्या इवल्या पिशव्यांचा घोस होता. प्रत्येक पिशवीतून दोन पांढरे तंतू बाहेर आले होते, इतके बारीक की माझ्या श्वासानं हलतील असं वाटलं.

"हे स्त्रीकेसर. मी नुसतं तंतू म्हणते," ताई म्हणाल्या. "जर्मनमध्ये नार्बे. जखमेच्या व्रणालाही हे लोक नार्बेच म्हणतात. दोन्ही अर्थ एकदम पाठ कर, मग विसरणार नाहीस."

"पांढरे असले की कच्चं आणि तपकिरी झाले की पिकलं, असं मी वाचलंय."

"सगळे तेच वाचतात. पांढरा तंतू म्हणजे फूल अजून वाट पाहून राहिलंय. तपकिरी मात्र तीन तऱ्हेचा. एक वयानं झालेला, एक परागकण पडल्यानं झालेला, आणि एक कुणी तरी हात लावल्यानं झालेला. तुझ्या कॅमेऱ्याला तपकिरी दिसेल. काहून झाला ते दिसेल का?"

"शिकवलं तर दिसेल."

"मग मी तुला शिकवते, तू त्याला शिकव."

आणि त्यांनी खरोखर शिकवलं. पुढचे आठ महिने रोज दुपारी दोन ते चार त्या माझ्या शेजारी बसत. मी काढलेल्या प्रत्येक फोटोवर एकेका तंतूशी थांबत आणि त्याच्यापुढं अक्षर लिहीत. 'व' म्हणजे वय, 'प' म्हणजे पराग, 'ह' म्हणजे हात. वयानं तपकिरी होणारा तंतू टोकाकडून हळूहळू गंजतो आणि आत वळतो. पराग पडलेला लवकर आणि सगळाच्या सगळा सुकतो, आणि त्याच्या बुडाची पिशवी फुगू लागते. हात लागलेला एकाच बाजूनं मोडतो. हे सगळं मी त्यांच्याकडून ऐकलं, पण त्यांना दिसायचं तसं मला कधी दिसलं नाही.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी मी विचारलं होतं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"भंडाऱ्याची. आडनाव तुला दारावरच कळलं, म्हणजे पुढचा प्रश्न वाचला," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. पुढचा प्रश्न माझ्या मनात होताच.

त्यांच्या शिस्तीची संस्थेत थट्टा व्हायची. प्रत्येक बंद खोलीच्या दाराशी एक नोंदवही असे. आत जाताना नाव आणि वेळ लिहायची, बाहेर येताना पुन्हा. इतर लोक 'साधारण दहा' असं लिहीत. ताई नऊ सत्तावन्न लिहीत. कामाला येताना पावडर नाही, अत्तर नाही, केसात साधी पिन नाही. नर झाडं वेगळ्या खोलीत असत. तिला आम्ही परागखोली म्हणायचो. त्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मादी झाडांच्या खोलीत जायचा नाही, असा नियम होता. ताई त्याच्यापुढं एक पाऊल होत्या. परागखोलीत गेल्या की संध्याकाळी केस धुवून, दुसऱ्या दिवशी वेगळे बूट घालून येत.

"झाडांशी बोलता का हो तुम्ही?" असं मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"छे. झाडांना मी बघते. बोलायला माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

माणसं म्हणजे मुख्यतः मैत्री, त्यांची मुलगी. ताईंचे मिस्टर कोलोनला एका इंजिनिअरिंग कंपनीत होते आणि मुलगी त्यांच्यापाशी राहून तिथल्या शाळेत जायची. ताई हॅनोव्हरला एका खोलीत राहत आणि दर शुक्रवारी दुपारी कोलोनची गाडी पकडत. रोज जेवणाच्या सुट्टीत फोन असायचा. ताई मराठीत विचारत, पलीकडून जर्मनमध्ये उत्तर येई. "डबा खाल्लास का?" "या, मामा." म्हणजे हो, आई. "पूर्ण?" "आल्झो, फास्ट." म्हणजे जवळजवळ. ताई फोन ठेवून मला म्हणत, "पोरगी खोटं बोलत नाही. फक्त भाषा बदलते."

घरी भंडाऱ्याला मात्र त्या स्वतःच अर्धंच सांगत. वडील निवृत्त शिक्षक. त्यांना त्यांनी 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलं होतं. पण भावानं कुठून तरी झाडाचं नाव काढलं आणि एका लग्नात मामेसासऱ्यांनी भर पंगतीत विचारलं, "काहो कुंदाबाई, शिकून शिकून शेवटी गांजाच लावला म्हणता?" ताई म्हणाल्या, "लावायला माणसं आहेत. मी त्याची नाडी बघते." हे सांगताना त्या मनापासून हसल्या होत्या.

त्यांच्या नाडीपरीक्षेचा एक प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला. ऑगस्टच्या शेवटी एक शेतकरी संस्थेत आला. हॅनोव्हरच्या उत्तरेला त्याचं शेत होतं. तो बियांसाठी हेंप लावायचा, म्हणजे नशा नसलेला, तेला-धाग्याचा गांजा. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं दोन फांद्या आणल्या होत्या. साठीचा, लाल चेहऱ्याचा गृहस्थ. फार खुशीत होता. गजभियेचं जर्मन जिभेनं गाजबीये करत म्हणाला, "बघा फ्राऊ गाजबीये, तीन आठवडे झाले तरी फुलं कशी पांढरीशुभ्र, ताजी आहेत. असं पीक मी कधी पाहिलं नाही."

ताईंनी फांदी हातात घेतली, भिंग लावलं आणि एकेक पिशवी पाहत गेल्या. मग विचारलं, "शेताच्या या कडेला काय आहे?"

"पॉपलरची झाडं. वाऱ्याला आडोसा म्हणून."

"आडोसा चांगलाच झालाय. नर झाडांचा पराग या फुलांपर्यंत पोचलाच नाही. ही ताजी नाहीत, ही अजून वाट बघतायत. इथं बी धरणार नाही."

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं बाई काहीतरीच सांगतेय. तो तसा बोललाही. सप्टेंबरच्या अखेरीला त्याचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. त्या कडेचं पीक बियांविना गेलं होतं. पुढच्या वर्षी पेरणी कशी करू, असं त्यानं विचारलं होतं. ताईंनी दोन पानी उत्तर लिहिलं आणि पॉपलर तोडू नका, ओळी फिरवा, असं सुचवलं. मला म्हणाल्या, "माणसाला गोड दिसतं तेच तो वाचतो. वाईट वाटलं मला त्याचं."

आता जे सांगायचं ते डिसेंबरमधलं.

तीन नंबरच्या खोलीत मादी झाडांची एक जात होती. दोन वर्षं निवड करून आणलेली. तिच्या फुलांपासून एका रुग्णालयातल्या चाचणीसाठी अर्क काढायचा होता. या झाडांना बी धरू द्यायचं नव्हतं. बी धरलं की झाड सगळी ताकद बियांत घालतं आणि फूल औषधाच्या कामाचं उरत नाही. त्या खोलीवर माझा प्रोग्राम पहिल्यांदाच खऱ्या कामासाठी लावला होता. आमच्या विभागप्रमुख डॉ. ब्रांट रोज त्याचे आकडे पाहत. एका सकाळी प्रोग्राम म्हणाला, फुलं तयार आहेत, अपेक्षेपेक्षा बारा दिवस आधी. डॉ. ब्रांट खूश. मीही खूश.

ताई आत गेल्या, वेळ लिहून. बाहेर आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी.

"तुझा प्रोग्राम चुकला. पिकलं नाही, फळलंय."

त्यांनी सुईच्या टोकानं एक पिशवी उघडून दाखवली. आत मोहरीएवढं, कोवळं, पांढुरकं बी होतं. कुठून तरी पराग आला होता. आम्ही शोधत गेलो तशी निम्मी खोली फळलेली निघाली. चाचणी एक वर्ष पुढं गेली. ज्या रोग्यांची नावं घातली होती त्यांना तसं कळवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. डॉ. ब्रांट बाई कधी आवाज चढवत नसत. त्यांनी दोन नोंदवह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आदल्या आठवड्यात परागखोली आणि तीन नंबर, अशा दोन्ही ठिकाणी एकाच माणसाचं नाव होतं. मंगळवारी परागखोलीत के. गजभिये, नऊ अकरा ते नऊ चाळीस. बुधवारी तीन नंबरमध्ये के. गजभिये, दहा चार.

"मी नियम पाळला आहे. नेहमीपेक्षा जास्तच," ताई म्हणाल्या.

"इतर कुणाचं नाव नाही, फ्राऊ गाजबीये."

आणि त्या क्षणी मला आठवलं. तोपर्यंत आठवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या क्षणी आठवलं. मंगळवारी दुपारी माझा फोटोचा दिवा जागेवर नव्हता. कुणीतरी तो परागखोलीत नेला होता. मी दार उघडलं, आत दोन पावलं गेलो, दिवा आणि त्याचं काळं कापड उचललं आणि बाहेर आलो. दहा सेकंद. एवढ्यासाठी काय लिहायचं, म्हणून लिहिलं नाही. तसाच तीन नंबरमध्ये गेलो, उजव्या कोपऱ्यात दिवा उभा केला आणि कापड झटकून नीट लावलं. झटकून. तिथं मी रोजच जात असल्यामुळं त्या वहीत सही करणंही मी कधीच सोडून दिलं होतं.

माझा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, संपायला तीन आठवडे होते. तोवर कारण न देताही ते मला काढू शकत होते. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. जानेवारीत बायको येणार होती, घराचा करार झालेला होता. ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या खोलीत मी कसलाही विचार केला नाही. नुसता गप्प बसलो. डॉ. ब्रांटनी विचारलं, "हेर जोशी, फोटोंवरून काही सांगता येईल?" मी म्हणालो, "तेवढी माहिती नाही माझ्याकडे."

माहिती होती. रोजचे फोटो होते.

बैठकीनंतर ताई माझ्याकडे आल्या. "मंगळवारपासूनचे फोटो दाखव."

मी दाखवले. त्या एकेक फोटो पाहत गेल्या, भिंगाशिवाय, चष्मा कपाळावर सारून. बुधवारी सगळं पांढरं. गुरुवारी उजव्या कोपऱ्यात चार झाडं तपकिरी. शुक्रवारी त्यांच्या पुढची. पंख्याचा वारा जसा वाहत होता तशी ती तपकिरी पुढं सरकलेली.

"हा कोपरा आधी गेला," ताई म्हणाल्या.

"हो."

"इथं काय असतं?"

"माझा दिवा."

"मंगळवारी दिवा कुठून आणला होतास?"

"भांडारातून," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. फोटोतल्या तंतूशी थांबायच्या तशा माझ्या चेहऱ्याशी थांबल्या. बाहेर कुणीतरी कॉफीचं मशीन लावलं होतं, त्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"तुला काही सांगायचंय का, अनिरुद्ध?"

"नाही, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा खाली ओढून गेल्या.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दुपारी दोनला येऊन अक्षरं लिहिणंही थांबवलं नाही. व, प, ह. मला वाटायचं, आज विचारतील. मग वाटायला लागलं, विचारणार नाहीत. आणि याच्यानं मला हायसं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते. त्या डॉ. ब्रांटकडे का गेल्या नाहीत याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुरावा नव्हता, हे एक. पण फोटो होते, आणि फोटो वाचणारं त्यांच्याइतकं तिथं कुणी नव्हतं. मला वाटतं, मी होऊन सांगेन याची त्यांनी मार्चपर्यंत वाट पाहिली.

मार्चमध्ये त्यांचा करार पुढं झाला नाही. कुणी काही ठपका ठेवला नाही. 'निधीची अडचण' असं सांगितलं गेलं. त्यांनी टेबल आवरलं, भिंग पर्समध्ये टाकलं, माझ्यासाठी बेसनाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि शुक्रवारच्या गाडीनं कोलोनला गेल्या. डबा धुऊन परत करायचा म्हणून मी जपून ठेवला होता. तोही पाठवला नाही.

जर्मनीत नोकरी सोडताना एक प्रशस्तिपत्र देतात, आरबाइट्सत्सॉइग्निस. त्यात वाईट काही लिहायची पद्धत नाही. जे लिहिलेलं नसतं ते लोक वाचतात. ताईंच्या पत्रात त्या प्रामाणिक होत्या, वक्तशीर होत्या, सहकाऱ्यांत प्रिय होत्या. 'काळजीपूर्वक' हा शब्द नव्हता. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत तो शब्द नसलेलं पत्र घेऊन गेलेल्याला कुणी दारात उभं करत नाही. हे मला फार उशिरा कळलं, २०१७ साली. त्या वर्षी कायदा बदलला आणि डॉक्टर चिठ्ठीवर गांजा लिहून देऊ लागले. या झाडाचं कळणारी माणसं सगळ्यांना हवी होती. मी उत्साहानं ताईंना फोन केला की अमुक ठिकाणी जागा आहे, अर्ज करा.

"दोन ठिकाणी केला होता," त्या म्हणाल्या. "पत्र वाचून नको म्हणाले. गेनाऊ, नेमका तोच शब्द नाही ना त्यात." मग त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली.

माझं मात्र नीट चाललं होतं. प्रोग्राम आता तंतू कशानं तपकिरी झाला तेही ओळखायचा. त्यावर निघालेल्या निबंधावर माझं नाव पहिलं होतं. ताईंचं नाव शेवटी आभारांत, एका ओळीत, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.

२०१९ च्या वसंतात मला स्टुटगार्टला एका गाड्यांच्या कंपनीत नोकरी मिळाली. राजीनामा दिल्यावर, नवा करार हातात आल्यावर, मी डॉ. ब्रांटना सगळं लिहून कळवलं. दिवा, कापड, फोटो, सगळं. माझं त्यात काही जाणार नव्हतं तेव्हा लिहिलं. त्यांनी मला बोलावून घेतलं नाही. आठ दिवसांनी फक्त नवं प्रशस्तिपत्र आलं, ताईंच्या नावाचं. त्यात तो शब्द होता, दोनदा. डॉ. ब्रांटनी ते ताईंना टपालानं न पाठवता माझ्या हाती दिलं. ही माझी शिक्षा आहे, एवढं मला कळलं.

मी ते घेऊन कोलोनला गेलो. ताई एका मोठ्या रोपवाटिकेच्या दुकानात काम करत होत्या. हिरवा एप्रन, केस बरेच पांढरे झालेले. एका म्हाताऱ्या बाईला जिरेनियमचं पाणी समजावून सांगत होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि त्या बाईंचं पूर्ण होईपर्यंत मला थांबवलं.

मी पाकीट दिलं. "ताई, तो दिवा मी परागखोलीतून आणला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पत्र उभ्यानंच वाचलं, दोन्ही बाजू. "चार वर्षं लागली तुला."

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मी बोलले असते तर ते तुझ्यावर आलं असतं. तू बोलला असतास तर ते तुझं झालं असतं. मला वाटलं, पोरगं तेवढं करेल."

मी त्यांच्या हातातल्या पत्राकडे बोट केलं. म्हणालो, "आता हे पत्र आहे. आता कुठंही घेतील तुम्हांला."

त्यांनी पत्राची घडी घातली. "मागच्या वर्षी एका ठिकाणी पत्र न वाचताच बोलावलं होतं. गेले मी. दाराशी वही होती. पेन हातात घेतलं आणि वेळ लिहिताना हात थांबला. किती वाजले तेच कळेना. परत आले." मग काउंटरखालच्या खणात पत्र ठेवून म्हणाल्या, "इथं सही करावी लागत नाही. इथं बरी आहे मी."

मी निघालो. रस्त्यापलीकडे ट्रामचा थांबा होता. तिथून दुकानाची काच दिसत होती. एक उंच मुलगी पाठीवर बॅग घेऊन आत गेली. मैत्री असणार. ताईंनी तिला काही विचारलं, तिनं उत्तर दिलं आणि दोघी हसल्या. मग ताईंची नजर बाहेर आली. मी ट्रामच्या रुळांकडे पाठ करून तिथंच उभा होतो. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, बोलावतायत. मी एक पाऊल पुढंही टाकलं. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि बोटानं माझ्या मागं दाखवलं. ट्राम येऊन थांबली होती, दारं मिटत होती. काचेआडून त्यांचे ओठ हलले, ते मला वाचता आले. "पळ, पळ."

मी पळालो.